मेजावर उरलेली माणसं

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, यांच्यात रोज काय फरक दिसतो ते लिहून ठेवत जा. मी सरकारी दवाखान्यात नर्स होते, नोंदी ठेवायची सवय आहे. तेव्हा सुरुवात करते.

रुग्ण: केशव, माझे यजमान. वय एकाहत्तर. भोरच्या शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त. विसरणं दोन-एक वर्षांपासून, यंदाच्या पावसाळ्यापासून जास्त. भूक चांगली. रक्तदाब ठीक. चालताना तोल जात नाही. सकाळी स्वतःच्या हाताने दाढी केली, अर्धीच. राहिलेली मी केली.

काल उपासनेत यांनी एकच प्रार्थना लागोपाठ दोनदा म्हटली. कोणी डोळे उघडले नाहीत. दोन्ही वेळा सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं.

९ नोव्हेंबर, रविवार

डॉक्टर हे वाचतील म्हणून आमच्या ख्रिस्ती मंडळीबद्दल लिहिते, कारण यांचं निम्मं आयुष्य त्यात गेलं आहे. आमच्या बाहेरच्या खोलीत दर रविवारी उपासना होते. आम्हाला इमारत नाही, पगारी पाळक नाही. हेच उपदेश करतात आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून, प्रभुभोजनाची भाकर हेच मोडून सगळ्यांना वाटतात. एके काळी पायरीवर चपला मावत नसत. आता आम्ही सातजण आहोत. हे म्हणायचे, "सगळे फिरले तरी देव स्वतःसाठी थोडे राखून ठेवतो. शास्त्रात आहे. आपण ते उरलेले." हे ऐकताना सगळ्यांच्या पाठी ताठ व्हायच्या. माझीसुद्धा.

आज उपदेश मध्येच थांबला. 'कृपा' या शब्दापाशी. शब्द आठवेना असं नाही, तो तर पुन्हा पुन्हा म्हणत होते. पुढे काय म्हणायचं ते सापडेना. शेवटी स्वरूपने उठून गीत सुरू केलं. स्वरूप यांचा जुना विद्यार्थी, आता कॉलेजात शिकवतो. यांच्यानंतर तोच, असं सगळे धरून आहेत.

दाराजवळ रतनबाई बसतात. राजगडाखालच्या पालीहून येतात, नसरापूरला गाडी बदलावी लागते. गुडघे गेलेत, पण रविवार चुकवत नाहीत. उपासना झाली की मी त्यांना चहा देते. चहापलीकडे आमचं बोलणं नसतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

काल रतनबाईंबद्दल अर्धंच लिहिलं. हे मधूबद्दल विचारत असतात, त्यामुळे डॉक्टरांना राहिलेलंही कळलेलं बरं.

मधुवंती आमची मुलगी. शाळेत शिकवायची. नऊ वर्षांपूर्वी वेल्ह्याकडच्या प्रार्थनासभेहून येताना मंडळीची जीप मोरीवरून खाली गेली. जीप रतनबाईंचा मुलगा हनुमंत चालवत होता. तो प्यायला होता. गाडीतले बाकीचे वाचले, तोही वाचला. मधूला आमच्याच दवाखान्यात आणलं. मी ड्यूटीवर होते.

हनुमंत शिक्षा भोगून आला. एका रविवारी या खोलीत उभं राहून त्याने सगळ्यांसमोर क्षमा मागितली आणि मेजाला, म्हणजे प्रभुभोजनाला, बसू द्या म्हणाला. यांनी सांगितलं, "आधी पश्चात्तापाचं फळ दिसू दे. तोवर या मेजाला तू बसायचं नाहीस." किती दिवस, कसलं फळ, ते सांगितलं नाही. काही घरांना हे पटलं नाही, ती गेली. काहींना हनुमंत उंबऱ्याच्या आत आलाच कसा, हे पटलं नाही, तीही गेली. आम्ही उरलो. हनुमंत परत आला नाही. त्याची आई येत राहिली.

आज दुपारी यांनी विचारलं, "मधूची शाळा सुटली का?"

"सुटेल इतक्यात," म्हटलं.

खोटं बोलणं पाप आहे. रुग्णाला शांत ठेवणं कर्तव्य आहे. दोन्ही नोंदवून ठेवते.

२१ नोव्हेंबर

जेवणाआधी यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि तसेच बसून राहिले. आमटी गार झाली. मग डोळे उघडून मला म्हणाले, "कोणाला सांगायचं होतं गं?"

तारण विश्वासाने होतं, आपल्या करणीने होत नाही, हे मला यांनीच शिकवलं, लग्न ठरल्यावर, नदीच्या घाटावर बसून. मला ते तेव्हा सोपं वाटलं होतं. आता विचार येतो, विश्वास धरून ठेवायचा तर धरणारा हात लागतो. हातातलं बळच गेलं, तर? ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याचं नावच पुसलं गेलं, तर?

स्वरूपला फोनवर विचारलं. तो म्हणाला, "काकू, विश्वासाची मुळं खोल असतात." उत्तर चांगलं आहे. मला उपयोग झाला नाही.

२९ नोव्हेंबर

विशेष काही नाही. शर्ट उलटा घातला, सांगितल्यावर हसले. पूर्वी हसले नसते.

७ डिसेंबर, रविवार

शांतपणे लिहिते.

आज प्रभुभोजनाचा रविवार. द्राक्षारसाऐवजी मनुके उकळून रस काढला, भाकर म्हणून बिनमिठाची पोळी भाजली, पांढरं कापड अंथरलं. रतनबाई उशिरा आल्या. गुडघा फार सुजला होता, म्हणून त्यांना हाताला धरून कोणीतरी आणलं होतं. त्या आत आल्या. तो माणूस रस्त्यापलीकडे, टपरीपाशी जाऊन उभा राहिला. मी खिडकीतून पाहिलं. केस पांढरे झालेत. हनुमंत.

गीत चालू होतं. हे उठले, दारापर्यंत गेले आणि मोठ्याने हाक मारली, "अरे हनुमंता! तिकडे उन्हात काय उभा? आत ये."

तो जागचा हलला नाही. रतनबाईंनी उठायचा प्रयत्न केला. स्वरूप म्हणाला, "सर, बसा तुम्ही." यांनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. चपला न घालता रस्ता ओलांडला, हनुमंताच्या मनगटाला धरलं आणि घेऊन आले. शाळेत उशिरा आलेल्या मुलाला वर्गात आणतात, तसे. स्वतःच्या शेजारी बसवलं.

मग भाकर मोडली. आज हात अगदी स्थिर होते. पहिला तुकडा त्याला दिला.

हनुमंत म्हणाला, "मास्तर, म्या न्हाई घेऊ शकत. तुमी इसरलाय."

हे म्हणाले, "घे."

त्याने घेतला. तोंडात घालता येईना इतका रडत होता. बाकीच्यांना यांनी नेहमीसारखं वाटलं. स्वरूपने हात पुढे केला नाही. त्याच्या बायकोने, स्नेहलने, नवऱ्याकडे पाहून हात मागे घेतला. मी घेतला, कारण ताटली माझ्यासमोर होती आणि हे थांबले होते.

उपासना झाल्यावर मी चहा केला नाही.

नोंद: रुग्णाला मुलीचा मृत्यू, अपघात आणि स्वतः घेतलेला निर्णय यांपैकी आज काहीही आठवत नव्हतं.

८ डिसेंबर

स्वरूप आला होता. यांच्या पाया पडला, मग माझ्याशी स्वयंपाकघरात बोलला.

"काकू, सर आजारी आहेत, त्यांचा दोष नाही. पण सर स्वतःच शिकवायचे, मेजाला बसण्याआधी माणसाने स्वतःला पारखून घ्यावं. काल काय झालं? विसरणं म्हणजे क्षमा नव्हे."

"नव्हेच," मी म्हटलं.

मला ते पूर्ण पटलं. ज्याला देणं आठवतच नाही त्याने ते सोडून दिलं, असं कसं म्हणायचं? मधू माझीही होती. मला कोणी विचारलं नाही.

"पुढच्या महिन्यापासून भाकर मी मोडतो," स्वरूप म्हणाला.

मी हो म्हटलं. तो गेल्यावर हे म्हणाले, "चांगला मुलगा आहे. अक्षर मात्र फार कडक काढतो."

२५ डिसेंबर, गुरुवार

नाताळ. आमचा मुलगा विराज पुण्याहून सकाळी आला, संध्याकाळी परत गेला. वडिलांनी त्याला ओळखलं, नाव चुकवलं. मी करंज्या केल्या. हनुमंत आईला सोडायला आला नव्हता. रतनबाई एकट्याच आल्या, एकेक पायरी धरत एसटीतून उतरल्या असतील. त्यांनी पिशवीतून तांदूळ काढून दिले. "औंदाचा इंद्रायणी हाय, शिष्टरबाई. मास्तरांस्नी मऊ भात करून घाला."

घेतले. भात चांगला झाला.

४ जानेवारी २०२६, रविवार

स्वरूपने भाकर मोडली. व्यवस्थित, न चुकता. एकेकाला देत आला. यांच्यापुढे आल्यावर यांनी दोन्ही हात पुढे केले. स्वरूप क्षणभर थांबला आणि ताटली घेऊन पुढे गेला. माझ्याकडे आला.

मी विचारलं, "यांना?"

तो हळूच म्हणाला, "काकू, ते काय घेतायत हे त्यांना कळत नाहीये. न कळता घेणं त्यांनाच बाधेल. सरांचीच शिकवण आहे ही."

हे तसेच हात पुढे करून बसले होते. रागावले नाहीत. गोंधळले नाहीत. वाढायचं राहिलंय, येईल परत, अशा चेहऱ्याने ताटलीकडे बघत होते.

शिकवण यांचीच आहे, यात शंका नाही. मी ती पाठ म्हणू शकते. ती ऐकून एकदा एक माणूस याच खोलीतून खाली मान घालून गेला, तेव्हा मला बरं वाटलं होतं. आज त्याच शिकवणीने हे बाहेर पडले आणि मला ती अंगाला टोचली. असं का, ते मला नीट मांडता येत नाही.

दारापाशी रतनबाईंनी आपला तुकडा परत ताटलीत ठेवला.

"मास्तरांस्नी दिल्याबगर म्या न्हाई घेनार," त्या म्हणाल्या.

"रतनबाई, इथे हट्ट नसतो," स्वरूप म्हणाला.

"हट्ट न्हाई, बाबा. मला गिळवायचं न्हाई."

मीही माझा तुकडा परत ठेवला. मी कोणाची बाजू घेतली नाही.

११ जानेवारी

आज आम्ही तिघंच. स्वरूपचा काल फोन आला होता. तो, स्नेहल आणि दुसरं जोडपं आता नसरापूरला एका घरी जमणार. "काकू, मन घट्ट करून करतोय हे. थोडेच राहिलो तरी शुद्ध राहायला हवं." हे वाक्यही यांचंच.

मी म्हटलं, "सांभाळून जा. हायवेला धुकं असतं."

उपदेश झाला नाही. रतनबाईंनी एक गीत म्हटलं. निम्मे शब्द त्यांचे स्वतःचे होते. हे टाळ्या वाजवत होते.

२० जानेवारी, मंगळवार

सकाळी मी दूध आणायला गेले तेवढ्यात हे घरातून गेले. शेजारी पाहिलं, घाटावर पाहिलं, शाळेत विचारलं. एसटी स्टँडवर एका कंडक्टरने सांगितलं, मास्तरांसारखं कोणीतरी नसरापूरच्या गाडीत बसलं. पोलीस चौकीत जायला निघाले आणि मोबाईल वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"बाई, म्या हनुमंत बोलतोय. पालीहून. मास्तर हितं हायेत. बरे हायेत. जेवत्यात."

विराजला कळवलं. पण तो पुण्याहून येईपर्यंत थांबणं मला शक्य नव्हतं. रिक्षा केली.

हनुमंतचं घर म्हणजे एक खोली आणि पुढे पत्र्याची पडवी. गडावर जाणाऱ्या पोरांना तो तिथे चहा-पोहे आणि जेवण देतो. बाकावर हे बसले होते, पुढे पितळी, पिठलं-भाकरी. रतनबाई वारा घालत होत्या. हनुमंत चुलीशी होता. मला बघून उठून उभा राहिला.

हे म्हणाले, "शुभा, आलीस? बस. हा हनुमंत."

"माहीत आहे."

"आपली मधू ह्याच्या गाडीत गेली."

अगदी स्पष्ट. हजेरी घेताना लागायचा तसा आवाज. रतनबाईंचा वारा घालणारा हात थांबला. हनुमंतने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"ह्याला मी मेजावरून उठवलं होतं," हे पुढे म्हणाले. "मग परत बोलावलं. बोलावलं ना रे?"

"व्हय, मास्तर."

"रस्त्यावर गेलो होतो मी. पाय भाजले." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला विचारायला हवं होतं, शुभा. पण तू नाही म्हणाली असतीस." आणि पितळी पुढे करून अजून पिठलं मागितलं.

नोंद: अशी मधूनच येणारी स्पष्टता या आजारात दिसते. तिच्यावर फार भर देऊ नये, असं आम्हाला शिकवलेलं आहे. डिसेंबरमधल्या त्या रविवारी यांना काही आठवत नव्हतं, असं मी मागे लिहिलं आहे. ते तसंच राहू देते.

मी जेवले नाही. पाणी मागितलं. हनुमंतने तांब्या-भांडं आणून बाकाच्या कडेला ठेवलं, हातात दिलं नाही. मी प्यायले.

परत निघताना मी विचारलं, इथे कोणाची गाडी मिळेल का.

"माझ्याकडं न्हाई, बाई. त्या दिसापासनं म्या गाडीला हात लावला न्हाई," तो म्हणाला. "शेजारच्या पप्पूचा टेम्पो हाय, तो सोडंल. म्या बसतो मागं, मास्तरांस्नी धरून."

भोरपर्यंत तो मागे हौद्यात बसून आला, यांना धरून. मी पुढे बसले होते. आरशात दोघं दिसत होते. हे सगळा वेळ त्याला काहीतरी सांगत होते आणि तो मान हलवत होता. मोरी आली तेव्हा त्याने डोळे मिटले. मी मिटले नाहीत. मला तिथे नेहमी बघावंच लागतं.

घरी आल्यावर यांना काहीही आठवत नव्हतं. पिठलंसुद्धा.

२७ जानेवारी

डॉक्टरांकडे जाऊन आलो. औषध तेच. डॉक्टरांनी ही वही उघडली नाही. "थोडक्यात सांगा," म्हणाले. थोडक्यात सांगितलं. म्हणजे आता हे मी कोणासाठी लिहिते आहे, हा प्रश्न आहे. सवय म्हणून लिहिते.

१ फेब्रुवारी, रविवार

सकाळी ठरवलं होतं की आज प्रभुभोजन नाही. मोडणारं कोणी नाही. तरी मनुके भिजत घातलेले होते. भिजवल्यावर टाकून कसे द्यायचे, म्हणून उकळले. मग पोळीही भाजली.

रतनबाई आल्या. हनुमंतने त्यांना पायरीपर्यंत आणलं आणि तो तिथेच, पायरीवर, रस्त्याकडे तोंड करून बसला. मी त्याला आत ये म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

बाईने भाकर मोडावी की नाही, यावर यांनी एकदा तासभर उपदेश केला होता. निष्कर्ष 'नाही' असा होता. आज हे खुर्चीत बसून पांढऱ्या कापडाची घडी बोटाने सरळ करत होते. मी उभी राहिले. शास्त्रातला भाग वाचला. प्रार्थनेत काय म्हणावं ते सुचेना. "प्रभू, आम्ही एवढेच आहोत," इतकंच म्हटलं. पोळी मोडली. गार झाल्यामुळे कडक झाली होती, वेड्यावाकड्या तुकड्यांत मोडली.

यांना दिली. यांनी घेतली आणि मुठीत धरली. रतनबाईंना दिली. त्यांनी डोळ्यांना लावून खाल्ली.

रतनबाईंनी दाराकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी एकदा जरी बघितलं असतं, तर मी ताटली झाकून ठेवली असती, असं मला वाटतं.

मी ताटली घेऊन पायरीवर गेले. हनुमंत उठून उभा राहिला. हातांवर चुलीचे चटके होते, एक ताजा, फोड आलेला. मला आधी तेच दिसलं.

"बाई," तो म्हणाला, "मला चालंल का?"

इतकी वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवलं होतं. चांगलं, खणखणीत उत्तर होतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "घे."

त्याने घेतलं. मी त्याच्या खाण्याकडे बघत थांबले नाही. फोडावर पाणी धर, फोडू नकोस, एवढं सांगितलं आणि आत आले.

हे वाट बघत होते. "सगळ्यांना मिळालं का?" त्यांनी विचारलं.

"मिळालं."

"तुला?"

ताटलीत काही नव्हतं. मोडताना स्वतःला धरायचंच राहिलं होतं. तसं सांगितलं. यांनी मूठ उघडली. दिलेला तुकडा तसाच होता, घामाने मऊ पडलेला. तो दोन्ही हातांनी मोडला आणि अर्धा माझ्यापुढे धरला.

मी म्हटलं, "तुम्हाला माहीत आहे का, हे काय आहे?"

"नाही," हे म्हणाले. "घे."

मी हात पुढे केले.